शब्बाथ, शनिवार तेली आणि पोथीचे प्रामाण्य

धर्म ग्रंथावर उभा असतो की आचारावर, हा प्रश्न ग्रंथप्रामाण्य मानणाऱ्या प्रत्येक परंपरेपुढे कधी ना कधी येतो. ज्यू धर्माच्या संदर्भात तो विशेष अवघड होतो, कारण ग्रंथाचे अक्षर न् अक्षर मोजून जपणारा समाज म्हणून ज्यांची ओळख आहे त्याच समाजाची एक शाखा कित्येक शतके ग्रंथाशिवाय राहिली, तरीही आपण कोण आहोत हे विसरली नाही. ही शाखा कोकणच्या किनाऱ्यावर राहत होती, तिची मातृभाषा मराठी होती आणि तिचे नाव बेने इस्राएल, म्हणजे इस्राएलची लेकरे. पेण, अष्टमी, रोहे, चौल, नवगाव, राजपुरी अशा गावांवरून पेणकर, अष्टमकर, रोहेकर, चौलकर, नवगावकर, राजपूरकर ही आडनावे धारण करणाऱ्या या समाजाचा मुख्य व्यवसाय तेलघाण्याचा होता आणि शनिवारी ते घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. प्रस्तुत लेखात वरच्या प्रश्नाचा विचार या एका बंद घाण्याच्या आधाराने केला आहे. हिब्रू धर्मग्रंथाचा पाठ, त्याची प्राचीन हस्तलिखिते आणि आजचे ज्यू धर्मजीवन हे तिन्ही विषय त्या घाण्याशी येऊन मिळतात.

समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि बरोबरची सगळी पुस्तके समुद्रात गेली. या कथेला समकालीन पुरावा नाही. समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेल्या आणि पुढे १९३७ मध्ये तेल अवीव येथे छापल्या गेलेल्या ग्रंथात हे आगमन ख्रिस्तपूर्व १७५ च्या सुमाराचे मानले आहे. त्यामागचा एक मुद्दा असा की, त्यानंतरच्या, मक्काबी या ज्यू घराण्याच्या विजयाची आठवण सांगणारा हनुक्का हा सण कोकणातल्या समाजाला ठाऊक नव्हता. मात्र अभावावरून कालनिर्णय करणे धोक्याचे असते, कारण जो समाज हिब्रू भाषाच विसरला तो एखादा सणही विसरू शकतो. इतिहास म्हणून ही कथा सिद्ध होत नसली तरी समाजाने ग्रंथ गमावल्याची नोंद स्वतःच्या उत्पत्तिकथेतच करून ठेवली, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. एरवी उत्पत्तिकथा काय मिळाले ते सांगतात.

बाहेरच्या साक्षी याला पुष्टी देतात. बाराव्या शतकातला थोर धर्मशास्त्रज्ञ मायमोनिडीस याने आयुष्याच्या अखेरीस फ्रान्समधील ल्युनेलच्या विद्वानांना लिहिलेल्या पत्रात हिंदुस्थानातील ज्यूंना शनिवारचा विसावा आणि आठव्या दिवशीची सुंता यांपलीकडे धर्माचे ज्ञान नसल्याचे म्हटले आहे. हे वर्णन कोकणातल्याच समाजाचे आहे असे छातीठोकपणे सांगता येत नाही, पण ते त्याला चपखल बसते. पुढे १७३८ मध्ये सार्टोरियस या मिशनऱ्याच्या पत्रात स्वतःला बेने इस्राएल म्हणवणाऱ्या, बायबल जवळ नसलेल्या आणि हिब्रूतून फक्त ‘शेमा’ जाणणाऱ्या लोकांचा उल्लेख येतो. शेमा म्हणजे ईश्वराच्या एकत्वाची ग्वाही देणारे, तोरातील एक वाक्य. सुंता, लग्न, मृत्यू अशा प्रत्येक प्रसंगी बेने इस्राएल तेच म्हणत. खवले आणि पर नसलेला मासा न खाणे, सुंता, शनिवारचा विसावा, काही उपास व सण आणि हे एक वाक्य एवढ्या शिदोरीवर हा समाज जगला. सणांची नावेसुद्धा मराठीच होती: वर्षारंभाचा तो नव्याचा सण, प्रायश्चित्ताच्या दिवसाचा तो दारफळणीचा सण, आणि जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोक पाळण्याचा दिवस तो, त्या दिवशी वालाचे बिरडे खाल्ले जाई म्हणून, बिरड्याचा सण.

आता ज्या आज्ञेवरून घाणा थांबत होता ती आज्ञा ग्रंथात कशी येते ते पाहिले पाहिजे. हिब्रू बायबलला ज्यू परंपरेत तनाख म्हणतात. तोरा म्हणजे मोशेचे पाच ग्रंथ, नवीईम म्हणजे संदेष्ट्यांचे ग्रंथ आणि केतुवीम म्हणजे इतर लेखन असे त्याचे तीन भाग असून एकूण ग्रंथ चोवीस धरतात. तोरामध्ये दहा आज्ञा दोन ठिकाणी आहेत, एकदा निर्गम या ग्रंथाच्या विसाव्या अध्यायात आणि पुन्हा अनुवाद या ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात, आणि दोन्ही ठिकाणी सातव्या दिवशी, म्हणजे शब्बाथला, काम थांबवण्याची आज्ञा असली तरी तिचे कारण वेगळे दिले आहे. निर्गमात कारण विश्वाशी निगडित आहे: ईश्वराने सहा दिवसांत सृष्टी घडवली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवादात ते इतिहासाशी आणि श्रमाशी निगडित आहे: तुम्ही मिसर देशात गुलाम होता, तेथून तुम्हाला सोडवले गेले, म्हणून तुमच्या दास-दासींनाही तुमच्यासारखाच विसावा मिळाला पाहिजे. दुसऱ्या पाठात ज्यांना विसावा द्यायचा त्यांच्या यादीत बैलाचे नाव स्पष्टपणे घेतले आहे. कोकणातल्या शनिवार तेल्याच्या घाण्याचा बैल त्या दिवशी मोकळा राहत असे तेव्हा त्याच्या मालकाने हा श्लोक वाचलेला नव्हता, वाचण्याची सोयही नव्हती. तरी श्लोकाचे पालन होत होते.

मुद्दा आणखी पुढे जातो. तोरामध्ये ‘काम करू नये’ एवढेच आहे, काम कशाला म्हणावे हे मोघम आहे. तो खुलासा मौखिक परंपरेने केला आणि इसवी सन २०० च्या सुमारास येहुदा हनासी याने संकलित केलेल्या मिश्ना या ग्रंथात निषिद्ध कामांचे एकोणचाळीस प्रकार नोंदवले गेले. मळणी हा त्यांतला एक प्रकार, आणि फळ वा बी पिळून रस अथवा तेल काढणे हे मळणीचेच उपांग म्हणून निषिद्ध ठरते. म्हणजे धर्मशास्त्राच्या काटेकोर कसोटीवरही शनिवारी घाणा बंद ठेवणे बरोबरच होते. ज्यांनी मिश्नाचे नावही ऐकले नव्हते त्यांचा आचार मिश्नाशी जुळतो, याचे कारण शोधताना एकच सरळ निष्कर्ष निघतो की, आचार हे स्वतःच एक प्रकारचे हस्तलिखित असते आणि एका पिढीच्या अंगवळणी पडलेली गोष्ट दुसरी पिढी तिच्यावरून उतरवून घेते.

प्रत्यक्ष हस्तलिखितांकडे वळले की चित्र वेगळे दिसते, कारण तेथे अंगवळणाला जागा नाही. प्रार्थनामंदिरात, म्हणजे सिनेगॉगमध्ये, वाचली जाणारी तोराची गुंडाळी चामड्यावर हाताने लिहिलेली असावी लागते. लिहिणाऱ्या लेखकाला सोफेर म्हणतात. गुंडाळीत फक्त व्यंजने असतात, स्वरचिन्हे व विरामचिन्हे नसतात, तिच्यात परंपरेने ३,०४,८०५ अक्षरे मोजली जातात आणि त्यांतले एक अक्षर जरी चुकले, गळले वा पुसले गेले तरी दुरुस्ती होईपर्यंत ती गुंडाळी विधीसाठी अपात्र ठरते. वापरून जीर्ण झालेली गुंडाळी फेकता येत नाही, जाळता येत नाही. ती गनीझा नावाच्या कोठारात ठेवतात किंवा माणसाप्रमाणे पुरतात. हिब्रू बायबलची अतिप्राचीन हस्तलिखिते इतकी थोडी का उरली याचे एक कारण या आदरातच आहे: जे पवित्र आणि निरुपयोगी झाले ते मातीत गेले. कैरोच्या गनीझात मात्र दफन लांबत गेले आणि १८९६ च्या सुमारास सॉलोमन शेख्टर याने तेथील लाखभराहून अधिक तुकडे केंब्रिजला नेले तेव्हा धर्मग्रंथांच्या पानांबरोबर हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्याशी व्यापार करणाऱ्या ज्यू सौदागरांची पत्रेही हाती आली.

गुंडाळीला स्वर नसल्याने तिचा उच्चार तोंडी परंपरेवर अवलंबून राहतो. ही उणीव भरून काढण्यासाठी साधारण सहाव्या ते दहाव्या शतकांत, मुख्यतः गालील प्रांतातील तिबेरिया येथे, मासोरेट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पंडितांनी व्यंजनांना धक्का न लावता त्यांच्याखाली-वर स्वरचिन्हे व पठणाच्या खुणा घातल्या आणि समासांत कोणता शब्द किती वेळा, कोणत्या रूपात येतो याच्या टिपा लिहिल्या. हे काम गुंडाळीवर करता येत नसल्याने ते शिवलेल्या पोथीवर, कोडेक्सवर झाले. अशा पोथ्यांपैकी जवळजवळ संपूर्ण असलेली आणि आज सर्वांत जुनी मानली जाणारी पोथी नवव्या शतकाच्या अखेरची किंवा दहाव्याच्या आरंभीची असून तिचे नाव कोडेक्स ससून आहे.

ससून हे नाव पुण्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. बगदादहून मुंबईत आलेले व्यापारी डेव्हिड ससून १८६४ मध्ये पुण्यात निवर्तले. कॅम्पातील लाल विटांचे, उंच मनोऱ्याचे ओहेल डेव्हिड सिनेगॉग, म्हणजेच पुणेकरांचे ‘लाल देऊळ’, त्यांच्याच देणगीतून उभे राहून १८६७ मध्ये पूर्ण झाले आणि त्याच आवारात त्यांची समाधी आहे. त्यांचा नातू डेव्हिड सॉलोमन ससून १८८० मध्ये मुंबईत जन्मला. आई फ्लोरा स्वतः व्यापार चालवणारी आणि तोराची जाणकार. या नातवाने हस्तलिखितांचा प्रचंड संग्रह केला, १९३२ मध्ये त्याची दोन खंडांची वर्णनात्मक सूची प्रसिद्ध केली आणि तिला नाव दिले तेच, जे पुण्याच्या सिनेगॉगचे आहे: ओहेल डेव्हिड, अर्थात डेव्हिडचा तंबू. उपरोक्त पोथी त्याने १९२९ मध्ये साडेतीनशे पौंडांना घेतली आणि तिला १०५३ हा क्रमांक दिला. मे २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात तिला ३ कोटी ८१ लाख डॉलर मिळाले आणि ती तेल अवीवच्या ज्यू संग्रहालयात गेली. पोथीतील नोंदींवरून ती मध्ययुगात सिरियातील माकिसीन गावच्या सिनेगॉगला अर्पण झाली होती, आणि ते गाव उद्ध्वस्त झाल्यावर, सिनेगॉग पुन्हा बांधले गेल्यास परत देण्याच्या अटीवर एकाच्या हवाली केली गेली. सिनेगॉग पुन्हा उभे राहिले नाही. पोथी राहिली आणि तिचे वाचणारे गेले. कोकणात पाळणारे राहिले आणि पोथी गेली. लिलावातली किंमत पहिल्या परिस्थितीला मिळते, हे बाजाराच्या रीतीला धरूनच आहे, पण धर्माच्या दृष्टीने दुसरी परिस्थिती अधिक मोलाची मानावी लागेल.

मासोरेटांच्या आधीचा पाठ कसा होता हे १९४७ पर्यंत फारसे कळत नव्हते. त्या सुमारास मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांत ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकापासून इसवी सनाच्या पहिल्या शतकापर्यंतच्या गुंडाळ्या मिळू लागल्या. बराचसा पाठ हजार वर्षांनंतरच्या पोथ्यांशी आश्चर्यकारक रीतीने जुळतो. सगळा मात्र जुळत नाही. चौथ्या गुहेतून १९५२ मध्ये निघालेल्या अनुवाद ग्रंथाच्या एका छोट्या गुंडाळीत शब्बाथच्या आज्ञेला आधी गुलामगिरीचे कारण दिले आहे आणि लगेच निर्गमातले सृष्टीचे कारणही जोडले आहे. कोणा लेखकाला दोन कारणांतले एकही सोडवेना, म्हणून त्याने दोन्ही एकत्र लिहिली. पुढे प्रमाण पाठाने ही मोकळीक बंद केली, तरी या तुकड्यावरून एवढे स्पष्ट होते की, आज्ञेचे कारण सांगण्याबाबत लेखकांत एकवाक्यता नव्हती, परंतु आज्ञेबाबत ती होती. आचार स्थिर होता, त्याचे समर्थन बदलत होते. पवित्र ग्रंथ अढळ आणि लोकांचा आचार चंचल, ही सर्वसाधारण समजूत येथे उलटी ठरते.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या वाचकाला हा वाद परका वाटण्याचे कारण नाही. या औद्योगिक पट्ट्याच्या एका कडेला देहू आणि दुसऱ्या कडेला आळंदी आहे, आणि दोन्ही ठिकाणांनी ग्रंथाच्या जतनाचे दोन वेगळे मार्ग दाखवले आहेत. देहूच्या इंद्रायणीत बुडवलेली तुकोबांची गाथा तेरा दिवसांनी तरली असे परंपरा मानते, तर अनेक आधुनिक अभ्यासकांच्या मते ती लोकांच्या मुखात असल्यामुळे बुडू शकली नाही. आळंदीला समाधिस्थ झालेल्या ज्ञानदेवांच्या ग्रंथाची वाट निराळी: प्रतींमध्ये अपपाठ शिरलेले पाहून एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि कोणी तिच्यात आपली ओवी घालू नये अशी तंबीही दिली. एकनाथांचे काम मासोरेटांच्या जातीचे आहे आणि देहूच्या लोकांचे काम शनिवार तेल्यांच्या जातीचे. वारकरी परंपरेला दोन्हींची गरज पडली. ज्यू परंपरेलाही ती पडली, आणि बेने इस्राएल समाजाचा पुढचा इतिहास नेमका याचाच आहे.

केवळ आचारावर समाज जगू शकतो असा निष्कर्ष वरील विवेचनातून काढला तर तो अपुरा ठरेल. डेव्हिड राहाबी नावाच्या एका ज्यू पाहुण्याने स्त्रियांनी निवडलेल्या माशांवरून या समाजाला ओळखले आणि झिराड, राजपूरकर व शापूरकर या तीन घराण्यांना धर्मकृत्ये शिकवून काजी नेमले, असे परंपरा सांगते. तो कोणत्या शतकात आला याबद्दल मतभेद असले तरी त्याच्या कथेचा आशय असा की, आचाराला स्वतःची ओळख पटवण्यासाठी कोणीतरी ग्रंथ जाणणारा यावा लागला. यानंतरचा इतिहास नोंदींतला आहे. सॅम्युएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात शार हारहामीम हे समाजाचे पहिले सिनेगॉग बांधले. कोचीनहून शिक्षक आले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठी भाषकांसाठी हिब्रू व्याकरण छापले. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता, परंतु त्यांच्या शाळांत हिब्रू आणि मराठी बायबल शिकून तयार झालेल्या तरुणांनी ते ज्ञान स्वतःच्या धर्माच्या उभारणीला लावले, आणि मिशनच्या पदरात फारसे काही पडले नाही. जोसेफ एझेकिएल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनांची मराठी भाषांतरे केली. मिसरमधून झालेल्या सुटकेची कथा सांगणारी आणि वल्हांडणाच्या रात्री घरोघर वाचली जाणारी हग्गादा ही पोथी १८७४ मध्ये पुण्यात हिब्रू मजकूर व मराठी भाषांतरासह छापली गेली. तिच्यातील चित्रात बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका साड्या नेसलेल्या आहेत. पाठोपाठ १८८० च्या सुमारास बायबलमधील चरित्रांवर मराठी कीर्तने रचली जाऊ लागली, ज्यांत बेंजामिन सॅमसन अष्टमकर यांचे नाव अग्रभागी येते. हरदासी कीर्तनाचा साचा घेऊन अब्राहाम आणि योसेफ यांच्या कथा श्रोत्यांपर्यंत नेल्या गेल्या. ग्रंथ परत आला तो मराठीच्या अंगाने आला, म्हणूनच तो रुजला, असे म्हणण्यास येथे पुरेसा आधार आहे.

ग्रंथाच्या पुनरागमनाची किंमतही मोजावी लागली. १९४८ नंतर समाजाचा मोठा भाग इस्राएलला गेला आणि तेथे मुख्य रब्बीमंडळाने, घटस्फोट व पुनर्विवाहाचे नियम या लोकांनी शास्त्राप्रमाणे पाळले असतील काय अशी शंका काढून, १९६० च्या दशकाच्या आरंभी विवाहापूर्वी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करण्याचे निर्देश दिले. शंकेचे मूळ एवढेच की, ग्रंथ नसलेल्या समाजाला ग्रंथातला नियम कसा माहीत असणार. दीर्घ आंदोलनानंतर ऑगस्ट १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू असल्याचा ठराव केला आणि रब्बीमंडळाला निर्देश बदलावे लागले. ज्यांनी पुस्तकाशिवाय शब्बाथ पाळला त्यांच्याकडे पुस्तकवाल्यांनी पुरावा मागावा, यात शास्त्राची तर्कसंगती असेल, न्याय नव्हता.

महाराष्ट्रात उरलेला समाज आज अगदी लहान आहे. राज्य शासनाने २०१६ मध्ये त्याला अल्पसंख्याक दर्जा दिला. पुण्यात लाल देवळाखेरीज रास्ता पेठेतील सुकाथ शेलोमो हे बेने इस्राएल समाजाचे सिनेगॉग आहे. सनातनी नियमानुसार तोराच्या जाहीर वाचनासाठी दहा प्रौढ पुरुषांचा जमाव, म्हणजे मिन्यान, लागतो, आणि अग्नी प्रज्वलित करणे हे एकोणचाळीस निषिद्ध कामांपैकी असल्याने शब्बाथला वाहन चालवता येत नाही. हे दोन नियम एकत्र धरले की चिंचवडहून किंवा चाकणहून शनिवारी रास्ता पेठेत प्रार्थनेला जाणे अशक्यप्राय होते. जाहीर वाचन व्हायचे असेल तर वाहनाच्या नियमात सवलत घ्यावी लागते आणि नियम पाळायचा तर मिन्यान जमत नाही. एका आज्ञेचे पालन दुसरीच्या आड येते तेव्हा कोणती मोडावी, याचा निर्णय अखेर समाजालाच करावा लागतो.

या पट्ट्यातील कारखान्यांचा विसाव्याचा दिवसही विचारात घेण्याजोगा आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली आणि त्या वेळी रविवार खंडोबाचा वार असल्याचा मुद्दाही पुढे आला होता असे सांगतात. भोसरी, पिंपरी-चिंचवड व चाकण येथील अनेक कारखाने मात्र वीजभाराच्या विभागणीमुळे गुरुवारी बंद असतात. या गुरुवारला कोणतीही कथा नाही, कोणताही ग्रंथ नाही, आणि तो बदलला तर त्यासाठी कोणी प्राण पणाला लावणार नाही. अनुवाद ग्रंथातले कारण, म्हणजे राबणाऱ्याला विसावा मिळाला पाहिजे हे, कारखाना कायद्यात उतरले. निर्गमातले कारण, म्हणजे सृष्टीच्या निर्मात्यानेही थांबून पाहिले हे, उतरले नाही. शनिवार तेल्यांना दोन्हींपैकी एकही शब्दशः ठाऊक नव्हते, तरी त्यांचा शनिवार गुरुवारच्या सुट्टीसारखा अदलाबदलीचा नव्हता, कारण तो त्यांनी परस्परांच्या साक्षीने आणि शेमाच्या त्या एका वाक्याच्या सोबतीने पाळला होता. ग्रंथ आणि आचार यांत श्रेष्ठ कोण याचा निवाडा करायचाच झाला तर तो आचाराच्या बाजूने द्यावा लागेल, एका अटीवर: आचाराजवळ निदान एक वाक्य तरी असले पाहिजे.

मराठीतल्या धर्मवाङ्मयाच्या इतिहासात या समाजाच्या प्रार्थनापुस्तकांना, १८७४ च्या पुण्याच्या हग्गादेला आणि बायबलवरील कीर्तनांना आजवर तळटीपेपलीकडे फारशी जागा मिळालेली नाही. ही पुस्तके मराठीत लिहिली गेली, मराठी माणसांनी वाचली आणि त्यांतली काही पुण्यात छापली गेली. मराठीच्या अभ्यासकांनी ती शोधून, पाठ ताडून, पुन्हा प्रसिद्ध केली पाहिजेत.